रॉ एडिटर सुसाट चालतोय म्हणजे फोटोचं वाटोळं होतंय?

सध्या एक सल्ला फार फिरतोय: रॉ एडिटर (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलवर काम करणारं सॉफ्टवेअर) फटाफट चालत असेल तर तो तुमच्या फोटोची क्वालिटी खातोय. म्हणून स्मार्ट प्रीव्ह्यू बंद करा, जीपीयू (ग्राफिक्सची चिप) बंद करा, डिमोझेकिंगला (सेन्सरच्या कच्च्या नोंदीतून पूर्ण रंग भरण्याला) यादीतला सर्वांत जड अल्गोरिदम लावा आणि एडिटिंग कायम १०० टक्के झूमवरच करा. हे सगळं मी बरेच दिवस इमानेइतबारे केलंय. लॅपटॉप तेवढा तापला.

आधी स्मार्ट प्रीव्ह्यू. लाइटरूम या एडिटरमध्ये तो म्हणजे मूळ फोटोची छोटी प्रत: लांब बाजू २५६० पिक्सेलची लॉसी डीएनजी (थोडा तपशील सोडून दाबलेली रॉ फाइल). ६००० बाय ४०००ची मूळ फाइल पिक्सेलच्या हिशेबात त्याच्या साधारण साडेपाच पट भरते. मूळ फाइलऐवजी स्मार्ट प्रीव्ह्यू वापरायची सेटिंग चालू असेल, तर स्लायडर ओढताना गणित या छोट्या फाइलवर चालतं, म्हणून फोटो हाताबरोबर बदलतो. पण एक्सपोजर +०.७० केलं की रॉ फाइलमधला एकही पिक्सेल हलत नाही. ‘+०.७०’ एवढी नोंद होते, बस. मूळ फाइल जागेवर असली की एक्सपोर्ट करताना ती नोंद तिच्यावरच लागू होते आणि प्रीव्ह्यूचा संबंध संपतो.

मग ही भीती आली कुठून? बहुधा माझ्यासारख्यांच्या कर्तृत्वातून. एकदा मी बाहेरची ड्राइव्ह न जोडताच अख्खा फोल्डर एक्सपोर्ट केला आणि मोठ्या प्रिंटसाठी पाठवून दिला. मूळ फाइल सापडली नाही की एक्सपोर्टही प्रीव्ह्यूवरूनच होतो. एकही फोटो २५६०च्या पुढे गेला नव्हता, आणि प्रिंटमध्ये केसांच्या बटा लोकरीसारख्या दिसत होत्या. शिव्या मी आधी प्रीव्ह्यूला घातल्या. केबल टेबलावरच पडली होती.

जीपीयूचा मुद्दा दोन ओळींत आटपतो. तो तेच गणित असंख्य पिक्सेलवर एकाच वेळी करतो. सीपीयूच्या उत्तराशी फरक पडलाच तर तो राउंडिंगचा, डोळ्याला न दिसणारा. ड्रायव्हर बिघडला तर पट्टे किंवा काळे ठिपके उमटू शकतात, पण तो सरळसरळ बिघाड आहे आणि तो दिसतोच.

डिमोझेकिंगचा मुद्दा मात्र नीट बघण्यासारखा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत असणाऱ्या बायर सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मिळतो. उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरावे लागतात. हा अंदाज कसा बांधायचा यावर बारीक तपशील अवलंबून असतात, म्हणजे इथे निवडीला अर्थ आहे. फक्त ‘सर्वांत जड म्हणजे सर्वांत चांगला’ हे समीकरण टिकत नाही. रॉथेरपी या एडिटरमध्ये कमी आयएसओच्या (प्रकाशाला संवेदनशीलतेची सेटिंग) स्वच्छ फोटोला अमेझ हा अल्गोरिदम छान बसतो, पण नॉइज (दाणेदारपणा) भरपूर असेल तर एलएमएमएसई किंवा आयजीव्ही बरा. रंगांची मांडणी वेगळी असलेल्या एक्स-ट्रान्स सेन्सरसाठी तिथेच वन-पास आणि थ्री-पास असे पर्याय आहेत. कमी आयएसओला थ्री-पास जरूर लावा. जास्त आयएसओला दोघांतला फरक शोधूनही सापडत नाही आणि वन-पास लवकर उरकतो. काळोखात काढलेल्या शेकडो फोटोंना थ्री-पास लावून बसणं म्हणजे नुसती हमाली.

१०० टक्के झूमचं म्हणणं अर्धं खरं आहे. पूर्ण फोटो स्क्रीनमध्ये बसवला की शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात. चारांचा एक झाला की सुटा नॉइज निम्म्यावर येतो. म्हणून शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन १०० टक्क्यांवरच ठरवावं, यात वाद नाही. पण १९२० बाय १०८०च्या स्क्रीनवर २४ मेगापिक्सेलचा फोटो १०० टक्क्यांवर उघडला, तर समोर जेमतेम बारावा हिस्सा येतो. फोटोतल्या माणसाचा एक कान बघून एक्सपोजर ठरवणार? क्रॉप कशाचा करणार? रंग, उजेड, चौकट हे सगळं दूरूनच ठरतं, आणि ते करताना एडिटर छोट्या आकारात गणित करत असेल तर करू दे.

गंमत म्हणजे वेगासाठी क्वालिटी खरोखर पणाला लागू शकते ती जागा या सल्ल्यात नाहीच. डार्कटेबल या एडिटरमधून फोटो लहान आकारात एक्सपोर्ट करताना ‘हाय क्वालिटी रिसॅम्पलिंग’ बंद असेल, तर फोटो आधी लहान होतो आणि बरीचशी प्रोसेसिंग त्या लहान फोटोवर चालते. चालू केलं की सगळं पूर्ण आकारात होऊन अगदी शेवटी फोटो लहान केला जातो. वेळ जास्त लागतो, आणि फरक प्रत्येक फोटोत दिसेलच असंही नाही. जाळी, विणलेलं कापड, मोकळे केस असलेला एखादा फोटो दोन्ही प्रकारे काढून शेजारी ठेवा आणि मग ठरवा. मी निवडक फोटोंना चालू ठेवतो, बाकीच्यांना बंद.