दादा, एकदा रिफ्रेश मारा ना

ओळखीच्या एका काकूंनी परवा मुलाची परीक्षा फी ऑनलाइन भरली आणि पैसे दोनदा कापले गेले. 'पे' दाबल्यावर पांढरं पान आलं, चक्र फिरत राहिलं, काकू घाबरल्या आणि त्यांनी रिफ्रेश मारलं. हा फॉर्म पुन्हा पाठवायचा का, असं ब्राउझरने इमानदारीत विचारलंही होतं. काकूंनी 'हो' केलं. मुलगा चिडला तर म्हणाल्या, "अरे, रिफ्रेशने कधी काही बिघडतं का?"

हा समज पसरवण्यात माझाही हात आहे, म्हणून ही पोस्ट.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी माझं सायबर कॅफे होतं. सहा मशीन, तासाला २० रुपये. "दादा, हे फारच स्लो चालतंय" अशी हाक आली की मी रुबाबात जायचो. डेस्कटॉपवर राइट क्लिक, रिफ्रेश. परत राइट क्लिक, रिफ्रेश. आयकॉन लुकलुकायचे आणि गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडायचा. प्रत्यक्षात त्या रिफ्रेशने विंडोज फक्त डेस्कटॉपवर काय काय ठेवलंय ते पुन्हा वाचतं आणि आयकॉन नव्याने काढतं. रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची कामापुरती स्मृती, मोकळी होत नाही, स्पीड वाढत नाही, व्हायरस तर हलतही नाही. एखादी फाइल ठेवूनही दिसत नसेल तर त्याचा उपयोग. एरवी तो निव्वळ अंगारा. आणि ही श्रद्धा फक्त आपल्याकडची आहे असं समजू नका. २०२१ मध्ये विंडोज ११ ची चाचणी आवृत्ती आली, तेव्हा राइट क्लिकच्या नव्या मेनूत रिफ्रेश नव्हतं. लोकांनी कळवलं आणि मायक्रोसॉफ्टला ते परत आणावं लागलं.

ब्राउझरमधलं रिफ्रेश मात्र खरंच काम करतं. पान एकदा उघडलं की त्यातली चित्रं, रंगरूपाच्या फायली, लोगो हे सगळं ब्राउझर स्वतःकडे साठवून ठेवतो. त्याला म्हणायचं कॅशे. रिफ्रेशचं एफ ५ बटण दाबलं की तो सर्व्हरला, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरला, विचारतो, "मी नेलं होतं त्यात काही बदललंय का?" बदललं नसेल तर उत्तर येतं ३०४, म्हणजे जुनंच चालवून घ्या. पोस्टमनला दारातूनच "आमचं काही आहे का हो?" विचारावं आणि त्याने सायकल न थांबवता मान हलवावी, तसंच. कधी ही साठवणच नडते. दुकानदाराने दरपत्रक बदललेलं असतं, आपल्याला जुनंच दिसत राहतं. तेव्हा कंट्रोल दाबून एफ ५ मारायचं. मग साठवलेलं बाजूला ठेवून सगळं नव्याने येतं.

काकूंची गोष्ट याच्याही पुढची. नुसतं पान बघत असताना रिफ्रेश मारलं तर तेच पान पुन्हा मागितलं जातं. पण फॉर्म पाठवल्यावर जे पान उत्तर म्हणून पूर्ण किंवा अर्धवट आलंय, त्यावर रिफ्रेश मारलं तर भरलेला फॉर्मच पुन्हा रवाना होतो. काकूंनी एकच व्यवहार दोनदा सांगितला, कॉम्प्युटरने दोनदा ऐकला. यात मला काकूंपेक्षा साइट बनवणाऱ्याचा राग येतो. फॉर्म मिळाला की ब्राउझरला लगेच दुसऱ्या, साध्या पावतीच्या पानावर पाठवायचं, म्हणजे तिथे कितीही रिफ्रेश मारा, पुन्हा पावतीच दिसते. आणि प्रत्येक व्यवहाराला आपला एक क्रमांक द्यायचा, म्हणजे तोच फॉर्म दुसऱ्यांदा आला तर ओळखू येतो. या युक्त्या जुन्या आहेत, फुकट आहेत. तरी आपल्याकडच्या पानांवर लाल अक्षरांत 'कृपया रिफ्रेश करू नये' लिहितात आणि हात झटकतात. म्हणजे दाराला कडी लावायची नाही आणि पाटी लावायची, 'चोरांनी आत येऊ नये'.

गंमत अशी की ज्या रिफ्रेशवर कॉम्प्युटर खरोखर जगतो, ते आपल्या हातात नाहीच. रॅममध्ये प्रत्येक बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात छोटा कण, हा एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये, म्हणजे विजेच्या टाकीत, साठवलेला भार. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची ही कल्पना, पेटंट १९६८ चं. हा कपॅसिटर गळका असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत या कपॅसिटरांच्या सगळ्या ओळी वाचून पुन्हा भराव्या लागतात, नाहीतर मशीन सगळं विसरेल. तुमचा साधा स्क्रीनसुद्धा सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने काढतोय. एवढं सगळं आत चाललेलं असताना आम्ही वरून राइट क्लिक करत बसायचो.

मोबाइलवर बोटाने पान खाली ओढायचं ते रिफ्रेश लॉरेन ब्रिक्टर यांनी ट्विटर वाचायच्या ट्वीटी नावाच्या ॲपसाठी काढलं. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही, ही पोस्टही बऱ्याच जणांना तसंच ओढून सापडली असणार.

कॅफेत दहावीच्या निकालाचा दिवस म्हणजे जत्रा. सहा मशीनवर तीसेक जण, आणि प्रत्येकाचं एकच, "दादा, रिफ्रेश मारा ना." तेव्हा मला एवढं कळत नव्हतं, की पान अर्धवट येत असताना रिफ्रेश मारलं तर आलेलं सोडून द्यावं लागतं आणि पुन्हा पहिल्यापासून मागावं लागतं. आधीच्या मागणीवर सर्व्हरने केलेली मेहनत वाया, वर नवी मागणी. अख्खा महाराष्ट्र हेच करत असायचा, मग साइट कशी उभी राहणार?

एका वर्षी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. गर्दी बघितली, सीट नंबरची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आम्ही जेवून येतो." दोन तासांनी आले. नंबर टाकला, पहिल्या फटक्यात पान उघडलं. ८१ टक्के. प्रिंटचे पाच रुपये दिले, मुलीने पेढा माझ्या हातावर ठेवला. शेजारच्या मशीनवर एक पोरगा सकाळपासून बसला होता, त्याचे चाळीस रुपये झाले होते. ते मी घेतले, हेही सांगून टाकतो.