वीस स्क्रीन लावल्या म्हणजे लॅब झाली का?

जुलै उजाडला आणि देवगड तालुक्यातल्या आमच्या शाळेची कॉम्प्युटर लॅब बंद पडली. लाईट आहे, पंखे फिरतायत, वीसच्या वीस स्क्रीन उजळलेल्या आहेत. लॉगिन केलं की इंग्रजीत तीच ओळ: लायसन्स सर्व्हर मिळत नाही, सेशन तोडलं. पाचवीतलं पोर विचारतं, "बाई, माजा कित्याक उघडना नाय?" काय सांगू त्याला?

आमच्या लॅबमध्ये पूर्ण कॉम्प्युटर नाहीत, प्रत्येक स्क्रीनला थिन क्लायंट नावाचा छोटा डबा जोडलाय. त्यात स्वतःची हार्ड डिस्क नसते. सगळं चालतं कोपऱ्यातल्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर. डबा नुसतं चित्र दाखवतो आणि कीबोर्ड-माऊसचं सर्व्हरला कळवतो. एका विंडोज सर्व्हरवर अख्खा वर्ग बसवायचा, तर सर्व्हरच्या लायसन्सशिवाय प्रत्येक डब्यामागे किंवा प्रत्येक वापरणाऱ्यामागे वेगळं लायसन्स लागतं. त्याला कॅल म्हणतात. ते नसलं तरी पहिले १२० दिवस विंडोज चालवून घेतं. ठेकेदाराने नेमका याचाच फायदा घेतला. निधी मार्चएंडच्या आत संपवायचा म्हणून मार्चमध्ये घाईघाईत डबे लावले, फोटो काढले, बिल पास झालं. मुदत मात्र त्याच दिवसापासून मोजली जात होती. परीक्षा झाल्या, मे महिना गेला, लॅबला कुलूप. जूनच्या मध्यावर शाळा भरली तेव्हा मुलांच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले होते. आता देखभालीसाठीची दोन कनेक्शनं तेवढी उघडतात. दोन!

ठेकेदाराला फोन केला तर म्हणे, "मॅडम, घाटात दरड आलीय, पुढच्या आठवड्यात बघू." अहो, लायसन्सला घाट उतरावा लागत नाही, ते इंटरनेटवरून घालता येतं. विकतच घेतलेलं नाही, हे सरळ सांगा ना!

आणि चालत होतं तेव्हा तरी काय होतं? गणिताचं जुनं सॉफ्टवेअर, एका कॉम्प्युटरवर एकच मूल बसणार असं धरून लिहिलेलं. ते मुलांचे गुण स्वतःच्याच फोल्डरमधल्या एकाच फाईलमध्ये ठेवतं. साध्या लॉगिनला तिथे लिहायची परवानगी मिळेना, म्हणून टेक्निशियनने काय करावं? सगळ्या मुलांना ॲडमिनिस्ट्रेटर करून टाकलं, म्हणजे सर्व्हरवर काहीही करायची मुभा! सॉफ्टवेअर चाललं, पण एकाने सेव्ह केलं की दुसऱ्याचे गुण पुसले जायचे. एके दिवशी एका मुलीने तास संपल्यावर शिकवल्याप्रमाणे शट डाऊन दाबलं आणि सर्व्हरच बंद झाला. वीसही स्क्रीन काळ्या. पोर रडकुंडीला आली, सगळा वर्ग तिच्याकडे बघतोय. तिची काय चूक? घरातल्या कॉम्प्युटरवर हेच तर करतात.

माझा राग थिन क्लायंटवर नाही. खरं तर कोकणाला हीच गोष्ट सोयीची. खाऱ्या हवेत जुन्या कॉम्प्युटरचे मदरबोर्ड गंजून गेलेले आम्ही बघितलेत. या डब्यांत बिघडायला फार काही नाही, वीजही कमी लागते. पावसात लाईट गेली तरी सर्व्हरला चांगला यूपीएस असला की मुलाचं काम सर्व्हरवर जसंच्या तसं राहतं. लायसन्सला पैसे नव्हते तर विंडोजऐवजी लिनक्सवर हेच करता आलं असतं, त्यासाठीचं एलटीएसपी नावाचं सॉफ्टवेअर १९९९ पासून फुकट मिळतंय. जुनी विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर वाईन नावाच्या प्रोग्रॅममधून चालतात का, एवढं आधी तपासायचं. सगळी चालत नाहीत, पण आपली चालतात का ते एका दुपारी कळतं. ती दुपार कोणालाही काढता आली नाही. निविदेत डब्यांची संख्या होती, स्क्रीनचे इंच होते. मुलं त्यावर काय चालवणार, याची एक ओळ नव्हती.

आता पुढच्या वेळी सही करायला कागद माझ्यासमोर आणाल, तेव्हा आधी वीस मुलं बसवा. वीसही जणांनी एकाच वेळी तेच सॉफ्टवेअर उघडायचं, सेव्ह करायचं, बंद करायचं, पुन्हा उघडायचं. कॅलची पावती शाळेच्या नावाने माझ्या हातात द्या. तोवर सही मिळणार नाही, मार्चएंड असो नाहीतर आणखी काही.