याला आधी कोणी हात लावला होता?

जमिनीच्या वाटणीवरून भावंडं कोर्टात जातात, दागिन्यांवरून बोलणं बंद होतं, घड्याळांवरून मात्र कोणी भांडत नाही. आमच्याकडे तर सगळे एकदम दिलदारच झाले. "तुलाच आवड आहे बाबा, तूच ने" असं म्हणत काकांनी आजोबांचं वेस्ट एंडचं सोवार प्राइमा दिलं, आत्याने तिच्या लग्नातलं नखाएवढं लेडीज घड्याळ दिलं आणि आईने बाबांची एचएमटी जनता काढून दिली. तिन्ही बंद. बंद घड्याळ घरात ठेवू नये असं आत्याला कुणा वास्तुवाल्याने सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

आता ही चालू कोण करणार? आधी मॉलमधल्या चकचकीत दुकानात गेलो. तिथल्या मुलाने जनता उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "सर, सेल गेलाय." म्हटलं अरे हे चावीचं आहे, यात सेल नसतो. त्यावर तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "मग चार्जर आणलाय का?" त्याला तरी काय बोलणार, एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला 1961 मध्ये घड्याळं काढायला सुरुवात केली आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने तो घड्याळांचा धंदा बंद करायला मंजुरी दिली तेव्हा हा पोरगा शाळेत डबा खात असणार.

म्हणून मग पेठांमध्ये शोध सुरू केला. घड्याळजी म्हणजे कसा, तर जिन्याखाली जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा, समोर काचेची पेटी, त्यात नसलेल्या घड्याळांचे पट्टे, आणि डोळ्याला भिंग अडकवलेले काका, जे आपल्याकडे मान वर न करता "काय?" असं विचारतात. अशा बऱ्याच काकांकडे गेलो आणि एक गोष्ट लक्षात आली, मागचं झाकण उघडल्यावर प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच. "याला आधी कोणी हात लावला होता?" सूर असा की हात लावणारा मीच. घरी आलेला प्लंबर आधीच्या प्लंबरबद्दल बोलतो ना, अगदी तस्सं. आणि गंमत म्हणजे एका काकांनी ज्याच्या नावाने बोटं मोडली तो शेजारच्या गल्लीतला निघाला, मी त्याच्याकडेही गेलो, तर त्याने झाकण उघडून तेच विचारलं.

झाकणाच्या आत मात्र खरंच वाचण्यासारखा मजकूर असतो. दुरुस्ती करणारे लोक तिथे टोकदार सुईने बारीक खुणा कोरून ठेवतात, आद्याक्षर, नंबर, कधी तारीख, म्हणजे घड्याळ परत आलं तर आपणच केलेलं का ते कळावं. आजोबांच्या वेस्ट एंडमध्ये तर जागाच उरली नव्हती. आजोबा किती वक्तशीर होते हे ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो, पण घड्याळ बघावं तर अर्धं आयुष्य दुरुस्तीलाच.

आईची काळजी वेगळी. "समोर बसून उघडायला लाव, आतले हिरे काढून घेतात." जनतावर 17 ज्वेल्स लिहिलंय ते तिने बरोब्बर वाचलंय. आता ती माणकं कारखान्यात बनवलेली असतात, चाकांचे आस घासू नयेत म्हणून बसवतात, सगळी काढून विकली तरी चहा-वडापाव सुटायचा नाही, हे मी सांगून पाहिलं. "तुला फसवणं सोपं आहे," एवढंच म्हणाली.

फसवणूक होते ती वेगळीच, आणि ती समोर बसून पण कळत नाही. सर्व्हिसिंग म्हणजे खरं तर मशीन पूर्ण सुटं करायचं, भाग न भाग धुवायचा, परत जोडताना ठरलेल्या जागी सुईच्या टोकाने अगदी कणभर तेल द्यायचं. जास्त झालं तरी वाईट, ते पसरतं. आणि शॉर्टकट म्हणजे मशीन अख्खंच पेट्रोलमध्ये बुचकळून काढायचं. दोन्हींनंतर घड्याळ टिकटिकतं आणि दोन्हींचे पैसे सारखेच! फरक कळतो काही महिन्यांनी, कारण जुन्या मशीनमधला बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, बहुतेक करून तासाला 18,000 ठोके मारतो, म्हणजे दिवसाला 4,32,000, बिनतेलाचं हे किती दिवस चालणार.

मधेच जनता थोडी चालू झाली तर ती पळायलाच लागली, तासाला दहा-पंधरा मिनिटं पुढे. एका दुकानात सांगितलं हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सला झुलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, गेली, बदलावी लागेल, अडीच हजार. दुसऱ्या काकांनी साधं होकायंत्र घड्याळाशेजारी ठेवलं, सुई थरथरायला लागली. "कपाटात स्पीकर होता का जवळ?" होता. लोहचुंबकाने हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ पुढे पळतं म्हणे. त्यांनी एका छोट्या डब्यासारख्या यंत्रावर घड्याळ धरलं, बटण दाबलं, हळूच उचललं, झालं. पन्नास रुपये. मी मनातल्या मनात नमस्कार केला, तेवढ्यात ते म्हणाले, "डायल पिवळी पडलीये, मस्त लाल रंगवून देतो, नवीन दिसेल." नमस्कार परत घेतला. मुंबईत असे रंगवलेले डायल बसवून जुनी घड्याळं फॉरेनच्या लोकांना ऑनलाइन विकतात, बाबांची जनता त्या वरातीत नको होती.

शेवटी ज्यांच्याकडे घड्याळं दिली त्या काकांनीही वेस्ट एंड उघडून तेच विचारलं, आधी कोणी हात लावला होता? मी सवयीने मान खाली घातली. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले आणि म्हणाले, "छान केलंय. आता असं कोणी करत नाही." तेवढ्यावर मी तिन्ही घड्याळं त्यांच्यासमोर ओतली. पावती मागितली तर म्हणाले, "तुम्ही दिलंय तुम्हाला माहितीये, मी घेतलंय मला माहितीये, आणखी कोणाला दाखवायचीये?"

वेस्ट एंड आणि जनता मिळाली, दोन्ही व्यवस्थित चालतायत, चावी मीच विसरतो तो भाग वेगळा. आत्याच्या घड्याळाच्या बॅलन्सचा दांडा मोडलाय, तसलंच दुसरं बंद घड्याळ मिळालं तर त्यातला काढून बसवतील. "सारखं विचारायला येऊ नका, मिळाला की मीच फोन करतो," असं बजावलंय. माझा नंबर त्यांनी घेतलेला नाही.