त्या कव्हरला बाजारू म्हणू नका

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

दुपारी नाशिकमध्ये गंगापूर रोडला एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी बैठक होती. अंकाचा विषय मराठी मालिका आणि त्या बघणाऱ्या बायका. मी नमुना घेऊन गेले होते. मधोमध नवरा-बायको, खांद्याला खांदा लावून, पण नजरा दोन दिशांना. दोघांच्या मधून कागद टराटरा फाडल्यासारखी पांढरी रेघ. वरच्या कोपऱ्यात गोलात सासू. पिवळी ठसठशीत अक्षरं, त्यांना काळी आउटलाइन, ओळीच्या शेवटी भलंमोठं प्रश्नचिन्ह. मालिकांच्या मासिकांचं कव्हर असतं ना, अगदी तसंच. मुद्दाम तसंच. चेहरे एका तरुण चित्रकाराकडून रंगवून घेतले होते, त्याने त्यासाठी रात्र जागवली होती.

कागद टेबलावर ठेवला आणि हशा पिकला. एक सर म्हणाले, "ताई, हे काय स्टँडवर विकायचंय का?" दुसरे म्हणाले, "जरा बाजारू वाटतंय हो. आपला वाचक हा नाही." मग ठरलं काय, तर क्रीम रंगावर एक रिकामी खुर्ची आणि खाली बारीक अक्षरात अंकाचं नाव.

हो सर, स्टँडवरच विकायचंय. सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या स्टॉलवर अंक कसे मांडतात ते जाऊन बघा. एकावर एक सरकवलेले, प्रत्येकाची वरची दोन-तीन बोटं तेवढी दिसतात. तुमची खुर्ची पानाच्या खालच्या अर्ध्या भागात आहे. ती तिथे कुणाला दिसणार?

मला राग हसण्याचा आला नाही, कामावर लोक हसतात, सवय आहे. राग आला तो त्या "आपला वाचक हा नाही" या वाक्याचा. कारण ते ऐकताना मला माझी आई दिसली.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही सातपूरला राहायचो. मावशी न्यू जर्सीला नर्स होती. ती आली की बॅगेतून चॉकलेटं, साबण आणि ‘सोप ऑपेरा डायजेस्ट’ या तिकडच्या मालिकांवरच्या नियतकालिकाचे जुने अंक निघायचे. तिकडे सुपरमार्केटात बिलाच्या रांगेत उभं राहून तिने घेतलेले, वाचून झाले म्हणून आमच्यासाठी आणलेले. आकार छोटा, पर्समध्ये मावेल असा. आईची शाळा सातवीला सुटलेली, इंग्रजीचा गंध नाही. मेथी निवडता निवडता तिने एक अंक ओढून घेतला, कव्हर न्याहाळलं आणि मावशीला म्हणाली, "हा हिचा नवरा ना गं? पण जीव त्या कोपऱ्यातलीत अडकलाय. आणि ह्या म्हातारीला सगळं ठाऊक आहे, बोलत नाहीये." मावशी बघतच राहिली. म्हणाली, "अगं ती त्याची आई, आणि तिला खरंच ठाऊक आहे!"

एक अक्षर न वाचता.

आता मला सांगा, हे कव्हर करणारा माणूस अडाणी होता का? जिला भाषा येत नाही, जिने ती मालिका जन्मात पाहिली नाही, अशा सातपूरच्या बाईपर्यंत त्याने एका कागदावरून अख्खी भानगड पोचवली. कशी पोचवली तेही सांगते, हयात डीटीपी (संगणकावर पानं जुळवणं) आणि छपाईत गेली आहे माझी. नजरेवर. ज्या दोघांचं जमलंय ती दोघं एकमेकांकडे बघतात किंवा दोघंही आपल्याकडे. ज्याचं मन उडालंय त्याची नजर चौकटीबाहेर. तिसरी व्यक्ती कायम वेगळ्या तुकड्यात, गोलात नाहीतर तिरक्या चौकोनात, म्हणजे ती या घरातली नाही हे डोळ्याला आधी कळतं आणि डोक्याला नंतर. फाटलेली कड म्हणजे ताटातूट. चेहरा मोठा तेवढा या आठवड्यात त्याचा वाटा मोठा. हे सगळं ठरलेलं व्याकरण आहे, आणि आईला ते कुणी शिकवलं नव्हतं.

रंगांचंही तेच. "किती भडक!" म्हणून नाकं मुरडली आज. भडक का, ते कुणी विचारलं नाही. चार रंगांच्या छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी, निव्वळ पिवळा एकाच प्लेटमधून येतो. लाल हवा तर मॅजेंटा आणि यलो, दोन्ही शंभर टक्के. स्वस्त कागद, घाईची छपाई, प्लेट केसभर सरकली की बारीक पांढरी अक्षरं बुजून जातात. पिवळ्या जाड अक्षराला काळी आउटलाइन दिली की सरकलेला रंग त्या काळ्यात लपतो, आणि खाली कुणाचा शालू असो की कुणाचे केस, अक्षर वाचता येतंच. रविवार कारंजाच्या एका छापखान्यात म्हातारे मशीनमन मला हे समजावून सांगायचे तेव्हा त्यांच्या बोलण्यात केवढा अभिमान असायचा. त्याला तुम्ही अभिरुचीचा अभाव म्हणता.

ते अमेरिकन मासिक 1975 साली निघालं. मालिका तिकडे दुपारच्या, बायका त्या वेळी कामावर, आणि कार्यक्रम टेपवर भरून ठेवणारा व्हीसीआर अजून घराघरात आलेला नव्हता. बुडालेल्या भागांत काय घडलं ते छापून देणारं हे मासिक. म्हणजे राबणाऱ्या बाईसाठीच काढलेलं. विकायचं कुठे, तर तीच बाई जिथे दोन मिनिटं उभी राहते तिथे, बिलाच्या रांगेत. तिथल्या तारेच्या कप्प्यात अंकाचा खालचा भाग झाकला जायचा, म्हणून नाव आणि मोठी बातमी सगळ्यात वर. तिच्या हातात सामान, कडेवर पोर. रांग पुढे सरकायच्या आत तिला कळलं पाहिजे की तिच्या माणसांचं काय झालं. त्या बाईच्या वेळेचा एवढा विचार आज त्या टेबलाभोवती एकानेही केला नाही.

तिची माणसं म्हणाले मी. या कव्हरवर नटाचं नाव मोठं नसतं, पात्राचं असतं. सिनेमाच्या मासिकाला हिरॉइनच्या नावाची गरज असते, इथे घरातल्या माणसाला हाक मारावी तशी ल्यूक आणि लॉरा ही नावं पुरतात. नोव्हेंबर 1981 मध्ये ‘जनरल हॉस्पिटल’ या मालिकेतलं त्या दोघांचं लग्न सुमारे 3 कोटी लोकांनी पाहिलं, आणि त्याच वर्षी ‘न्यूजवीक’सारख्या भारदस्त साप्ताहिकानेही या जोडीला मुखपृष्ठावर घेतलं होतं. तेव्हा कुणी बाजारू म्हणालं असेल तर म्हणो. आमच्या आईचंही तसंच होतं. ‘आभाळमाया’ लागली की शेजारच्या काकू स्टूल घेऊन आमच्याकडे यायच्या, आणि दोघी बोलायच्या ते पात्रांच्या नावानेच. एकदा कालिदासला नाटक बघायला गेलो तर मालिकेतल्या नटीला बघून आई मालिकेतल्या नावाने म्हणाली, "बारीक झालीस गं." त्या बाईंनी हसून तिचा हात हातात घेतला होता. हे लिहिताना डोळ्यात पाणी येतंय, असो.

आता तुम्ही म्हणाल, ही कव्हरं खोटं बोलतात. बोलतात. कधी एकत्र उभी न राहिलेली माणसं कापून शेजारी चिकटवतात, वर मृत्यूचा प्रश्न विचारतात आणि आत ताप आलेला असतो. मान्य. पुढे.

पण एक गोष्ट मात्र मला मनापासून खुपते. म्हातारी बाई कायम त्या छोट्या गोलात, आणि भुवया चढवलेल्या. मधली मोठी जागा गोऱ्यापान, तरुण चेहऱ्याची. आईने मात्र त्या कव्हरवर सगळ्यात जास्त वेळ म्हातारीकडेच पाहिलं होतं. "बोलत नाहीये" असं म्हणाली, "दुष्ट आहे" असं नाही म्हणाली. म्हणूनच मी माझ्या नमुन्यात सासूच्या भुवया सरळ ठेवून घेतल्या, गोलही मोठा केला आणि तिची नजर थेट वाचणाऱ्याकडे वळवली. एवढा बदल मी विचार करून केला होता. तो कुणी पाहिलाच नाही, कारण पहिल्या पाच सेकंदांत हसून झालं होतं.

बैठकीत चित्रकार दलालांचं नाव निघालं. दीनानाथ दलालांच्या कव्हरसमोर मीही हात जोडते. पण दलाल आणि तसेच मुखपृष्ठांचे चित्रकार मुळगावकर स्टॉलवर विकले जायचे हो! त्यांच्या त्या देखण्या बायका रस्त्यावरच्या माणसाची पावलं थांबवायच्या. ‘आवाज’ दिवाळी अंकातल्या, पानाला भोक पाडून मागचं चित्र दाखवणाऱ्या खिडक्या काय दिवाणखान्यात मिरवण्यासाठी होत्या? आणि आपल्याच नाशिकमधून ‘गावकरी’ दैनिकाचं ‘रसरंग’ निघायचं, सिनेमाचं साप्ताहिक, तेव्हा ते वाचणारा माणूस या शहराला परका नव्हता. आज त्यांची नावं घ्यायची आणि ज्या गिऱ्हाइकाने त्यांना जगवलं त्याला दारातून हाकलायचं, हे मला कळत नाही. नव्हे, कळतं चांगलं. मालिका बघणारी बाई विषय म्हणून चालते, तिच्यावर चार प्राध्यापक लेख लिहिणार आहेत. वाचक म्हणून ती नको आहे.

‘सोप ऑपेरा डायजेस्ट’चा नियमित छापील अंक 2023 संपताना थांबला. त्याचं भावंड ‘सोप ऑपेरा वीकली’ 1989 मध्ये निघून 2012 मध्येच संपलं होतं. व्याकरण मात्र संपलेलं नाही. मुलांच्या मोबाइलवर यूट्यूबची चित्रं बघा. फाटलेली कड, गोलातला चेहरा, पिवळी अक्षरं, प्रश्नचिन्ह. मुंबई नाक्यावर नव्या मालिकेचं होर्डिंग लागतं तेही असंच. त्यावर कुणी हसत नाही, कारण त्यामागे पैसा दिसतो.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. बैठकीतले लोक वाईट नाहीत, त्यातले दोघं माझ्या अडीअडचणीला धावून आलेले आहेत. पण खुर्ची मी करणार नाही. सकाळी फोन करून सांगणार आहे की मुखपृष्ठ दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, आतली पानं ठरल्याप्रमाणे वेळेत देईन. चित्रकाराचे पैसे मी माझे देतेय, त्याने काळजी करू नये.

आणि हे चित्र मी वाया जाऊ देणार नाही. ज्यांचा अंक अजून प्रेसला गेलेला नाही आणि ज्यांना सासूच्या मोठ्या गोलाची भीती वाटत नाही, त्यांनी इनबॉक्समध्ये या. कुणाच्या माळ्यावर ‘रसरंग’चे किंवा मालिकांच्या मासिकांचे जुने अंक असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. पंचवटी, सिडको, नाशिकरोड, कुठेही असा, मी येऊन घेऊन जाईन.