लायसन्सचं पान आहे, पण त्यात नावं कुठायत?

बहुतेक अ‍ॅपमध्ये सेटिंग्जच्या तळाशी 'ओपन सोर्स लायसन्सेस' अशी ओळ असते. दाबून बघा. पुष्कळदा आत लायब्ररींची (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची) लांबलचक यादी असते आणि एखादीवर टॅप केलं की समोर येते नुसती एक लिंक. मजकूर नाही, कुणाचं नाव नाही. माझ्या मते असं पान असून नसल्यासारखंच.

मुक्त कोडसाठी सर्रास वापरलं जाणारं एमआयटी लायसन्स म्हणजे जेमतेम तीन परिच्छेद. वापरा, बदला, विका, पैसे नकोत. अट एकच: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत गेला पाहिजे. फोनवर उतरलेलं अ‍ॅप ही प्रतच झाली. लिंकने ही अट भागत नाही, कारण ती लिंक बहुधा लायसन्सच्या कोऱ्या नमुन्यावर जाते. तिथे वर्ष आणि मालकाचं नाव या भरायच्या जागा असतात. ज्याचा कोड आपण फुकट घेतला, त्याचं नाव त्या पानावर असणारच कसं?

अँड्रॉइडवर हे घडतं ते गूगलच्या ओएसएस लायसन्सेस प्लगइनवर (हे पान आपोआप बनवणाऱ्या साधनावर) डोळे मिटून विसंबल्यामुळे. हे प्लगइन प्रत्येक लायब्ररीची पॉम फाइल (तिची माहितीपत्रिका) वाचतं. पॉममध्ये लायसन्सबद्दल त्याचं नाव आणि वेबपत्ता, एवढंच. कॉपीराइटची ओळ असते रेपॉझिटरीतल्या (मूळ कोड ठेवलेल्या जागेतल्या) लायसन्स फाइलमध्ये, आणि गूगलच्या स्वतःच्या काही लायब्ररी सोडल्या तर तिथला मजकूर पानावर येत नाही. त्यात प्लगइनच्या नव्या आवृत्त्या डीबग बिल्डमध्ये (चाचणीसाठीच्या प्रतीत) खरी यादी दाखवतच नाहीत, म्हणून डीबगवर तपासून 'झालं' म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरी गळती पॅकेजिंगमध्ये, म्हणजे सगळं एकत्र बांधताना. दोन लायब्ररींत एकाच नावाची फाइल सापडली की बिल्ड अडतो. मग कुठून तरी चार ओळी उचलायच्या आणि मेटा-आयएनएफ फोल्डरमधल्या लायसन्स, नोटिस फाइली एक्सक्लूडमध्ये (वगळायच्या यादीत) टाकून मोकळं व्हायचं. (काही नावं तर बिल्ड बनवणाऱ्या ग्रेडलचं अँड्रॉइड प्लगइन मुळातच वगळतं.) वगळणं हा गुन्हा नाही, पण अपाची 2.0 या दुसऱ्या मुक्त लायसन्सचं चौथं कलम सांगतं की मूळ कामासोबत नोटिस फाइल असेल तर तिच्यातली श्रेयाची नोंद पुढे द्यायची. फाइल काढलीत, तर तो मजकूर लायसन्सच्या पानावर आणा.

काम फार नाही. ग्रेडलच्या डिपेन्डन्सीज टास्कला रिलीज रनटाइम क्लासपाथ द्या, म्हणजे अ‍ॅपसोबत खरंच जाणाऱ्या लायब्ररींची यादी मिळते. आपण लिहिलेल्या दहा-बारा ओळींमागून किती पाहुण्या लायब्ररी आल्यात तेही दिसतं. जेयुनिटसारखी टेस्टिंगची हत्यारं अ‍ॅपसोबत जात नाहीत, ती सोडा. उरलेल्या प्रत्येकीची, आपण वापरतो त्याच आवृत्तीच्या टॅगवरची, लायसन्स फाइल जशीच्या तशी अ‍ॅपमध्ये ठेवा. फ्लटर हे गूगलचं साधन वापरणाऱ्यांचं बरंय: पॅकेजांच्या लायसन्स फाइली बिल्डमध्येच गोळा होतात आणि शो लायसन्स पेज त्या दाखवतं. आयफोनवर लायब्ररी जोडणारं कोकोपॉड्स अ‍ॅकनॉलेजमेंट्सची फाइल बनवून देतं, त्याच कामाचा स्विफ्ट पॅकेज मॅनेजर देत नाही. तिथे लायसन्सप्लिस्टसारखं वेगळं साधन लावावं लागतं.

कुठल्याच साधनाला न दिसणाऱ्या वस्तू मात्र हाताने लिहायच्या: कॉपी-पेस्ट केलेला कोड, आयकॉन, तयार .एसओ फाइली (आधीच कंपाइल केलेला कोड). आणि फाँट! मराठी अ‍ॅपमध्ये मुक्ता किंवा बालू घेतला असेल तर तो मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटाचा, एसआयएल ओपन फाँट लायसन्सखालचा. अ‍ॅपसोबत द्यायला पूर्ण मुभा, पण कॉपीराइट आणि लायसन्स सोबत हवंच. ते फाँटच्या मेटाडेटात असलं तरी चालतं, पण वापरणाऱ्याला सहज दिसत असेल तरच. अ‍ॅपच्या पोटातल्या फाँटचा मेटाडेटा कोण उघडून बघणार? फ्लटरमध्येही हे आपोआप होत नाही, लायसन्स रजिस्ट्रीत स्वतः घालावं लागतं.

एखाद्या लायब्ररीचं लायसन्स जीपीएल असेल तर श्रेय देऊन सुटका नाही, सोर्सही द्यावा लागतो. अ‍ॅपलच्या अटींशी जीपीएल जुळत नाही या तक्रारीवरून व्हिडिओ दाखवणारं व्हीएलसी जानेवारी 2011 मध्ये अ‍ॅप स्टोअरवरून उतरलं. 2013 मध्ये परतलं ते एमपीएल या सौम्य लायसन्सची सोय करून. व्हिडिओ-ऑडिओ हाताळणारं एफएफएमपेग घेताना ते जीपीएलचा पर्याय चालू करून बिल्ड केलंय का, हे आधी बघा.

'यावरून कोर्टात कोण जातंय?' असं विचारणाऱ्यांसाठी: जेकबसन विरुद्ध कॅट्झर, अमेरिका, ऑगस्ट 2008. खेळण्यातल्या रेल्वेच्या मुक्त सॉफ्टवेअरमधल्या फाइली घेताना लेखकांची नावं आणि कॉपीराइटच्या नोंदी गाळल्या होत्या. फुकट दिलेल्या कोडच्या अटीही कॉपीराइट कायद्याने बजावता येतात, असं अपील कोर्टाने ठरवलं.

तेव्हा पुढचं रिलीज बिल्ड हातात आलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका, लायसन्सचं पान उघडा आणि कुठल्याही पाच नावांवर टॅप करा. पाचही ठिकाणी कॉपीराइटची ओळ आणि पूर्ण मजकूर दिसला तरच ते बिल्ड पुढे पाठवा.