मृणालताई गोरे : ‘फक्त हंडा मोर्चा’ या समजाचा प्रतिवाद

मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणालताई गोरे यांच्याविषयी समाजमाध्यमांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. पतीच्या निधनानंतरच्या सहानुभूतीवर त्या राजकारणात आल्या, हंडे आणि लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, सभागृहात मात्र त्यांच्या हातून काही घडले नाही आणि दिल्ली गाठताच मुंबईचे नागरी प्रश्न मागे पडले, असा त्याचा आशय आहे. यातले एकही विधान टिकत नाही.

सहानुभूतीचा मुद्दा तारखांपुढेच कोसळतो. त्यांचे पती केशव उर्फ बंडू गोरे यांचे निधन १९५८ साली झाले, तर राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या युवक संघटनेतून घडलेल्या आणि त्या कामासाठी वैद्यकीय शिक्षण सोडलेल्या मृणालताई त्याआधीच गोरेगाव ग्रामपंचायतीवर निवडून आल्या होत्या. १९५७ मध्ये गोरेगाव मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले आणि १९६१ मध्ये त्या नगरसेविका झाल्या.

मोर्चा वेगळा आणि सभागृह वेगळे, ही विभागणीच मुळात चुकीची आहे. जलवाहिनी कोणत्या भागात जाईल आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात किती तरतूद होईल, हे पालिकेत ठरते. पण नळाशी ताटकळणाऱ्या बाईचा रिकामा हंडा थेट अधिकाऱ्यांच्या दारात पोहोचल्याखेरीज तो विषय पटलावर वर सरकत नाही, हे मृणालताईंनी नेमके ओळखले होते. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिले ते याच कामामुळे. १९७२ नंतरचे लाटणे मोर्चेही कोणा एकीच्या हौसेचे नव्हते. महागाईविरोधी संयुक्त महिला समितीत समाजवादी मृणालताई आणि प्रमिला दंडवते यांच्याबरोबर कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर होत्या, आणि थाळ्यांवर लाटणी वाजवत निघालेल्या गृहिणींपैकी कित्येकींचा तो पहिलाच मोर्चा असणार. पक्षभेद ओलांडून अशी एकजूट बांधणे हे माझ्या मते त्यांचे फार मोठे राजकीय कर्तृत्व आहे, आणि त्याची पुरेशी नोंद आपण घेतलेली नाही.

सभागृहातील कामाचा पुरावा तर कायद्याच्या पुस्तकात आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक) मांडले, महिला संघटनांनी बाहेरून रेटा लावला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने या चाचण्यांवर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी सांभाळले.

राहिला दिल्लीचा आक्षेप. १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या हे खरे. मात्र त्यानंतर त्यांनी बाबुराव सामंत यांच्यासोबत नागरी निवारा परिषदेचे काम उभे केले, शहरांतील खासगी जमीनधारणेवर मर्यादा घालणाऱ्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याखालील अतिरिक्त जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि त्यातूनच गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत हजारो कुटुंबांना परवडणारी घरे मिळाली.