फाइल खराब नव्हती भाऊ, अर्धी नेली होती

नमस्कार भाऊ. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. फुकटातला लिंकर (प्रोग्रामचे तुकडे जोडून एक करणारं सॉफ्टवेअर) लावून द्यायचे ३,००० रुपये घेतले आणि वर घरी नेलेली लायब्ररी (तयार कोडची फाइल) लिंकच होत नाही, म्हणजे खराब फाइल गळ्यात मारली, असं तुम्ही लिहिलंय. सबमिशनच्या आदल्या रात्री तुमची धावपळ झाली, त्याबद्दल माफी मागतो.

पैशाचं थोडक्यात. तो लिंकर, म्हणजे मोल्ड, फुकट आहे हे तुम्हाला मीच सांगितलं होतं. रुई उएयामांनी लिहिलेला, २०२३ पासून एमआयटी लायसन्सवर, म्हणजे कुणीही फुकट वापरावा असा. त्याचा एक रुपया बिलात नाही. दीड दिवस बसून तुमच्या मेकफाइली (प्रोग्राम कसा बांधायचा त्याच्या सूचना) सरळ केल्या, त्याचे ते ३,०००. लिंकिंग पाऊण मिनिटावरून दोन सेकंदांवर आलं तेव्हा "एक नंबर भो" कोण म्हणालं होतं, ते जाऊ द्या.

पण "खराब फाइल" हे फार लागलं. जळगावच्या गोलाणी मार्केटात बारा वर्षं बसतोय, समोरचे दुकानदारही हे वाचतात.

तुम्ही नेलेली ती लायब्ररी, म्हणजे डॉट ए फाइल, हे थिन आर्काइव्ह आहे. आर्काइव्ह म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं. पहिले ८ बाइट उघडून बघा. साध्या आर्काइव्हमध्ये तिथे ‘आर्क’ असतं, तुमच्यात ‘थिन’ दिसेल. साध्या आर्काइव्हच्या पोटात सगळ्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले कोडचे तुकडे) कॉपी होऊन बसलेल्या असतात. मोल्ड ते एकदा उघडतो, आख्खं मेमरीत मॅप करतो आणि त्याच मॅपचे तुकडे वापरतो. थिनमध्ये असते ती सिंबॉलची (फंक्शन वगैरेंच्या नावांची) यादी आणि ऑब्जेक्ट फाइलींचे नुसते पत्ते, तेही आर्काइव्ह ठेवलंय तिथपासूनचे. मग प्रत्येक पत्त्यावर जाऊन फाइल वेगळी उघडावी लागते, आणि ती तिथे नसली की लिंकर तिथेच थांबतो. आमच्या मशीनवर दिवसातून वीसदा बिल्ड होतं. दर वेळी जीबीभर माल पुन्हा कॉपी करण्यात अर्थ नसतो, म्हणून थिन.

आता त्या संध्याकाळचं. अमळनेरची गाडी सुटेल म्हणून तुम्ही घाईत होता. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा, आख्खा फोल्डर देतो. तेवढ्यात लाइट गेली, मी इन्व्हर्टर बघायला मागे गेलो, परत येईपर्यंत तुम्ही स्वतःच पेन ड्राइव्ह लावून ती एकच फाइल ओढून घेतली होती. "बस झालं, हीच पाहिजे होती." दोन एमबीची फाइल, भाऊ! मागे राहिलेल्या ऑब्जेक्ट फाइली अकराशे एमबीच्या. केळीची गाडी काट्यावर सोडून नुसती काटापावती घरी न्यावी, तसं झालं. पावती खोटी नव्हती.

माझंही चुकलं. गिऱ्हाइकाला देताना साधं आर्काइव्ह करून ठेवायला हवं होतं, ते राहिलं. इथून पुढे तसंच देऊ, शिवाय काय-काय न्यायचं त्याचा कागद टेबलाजवळ लावायचा विचार आहे.

तुमचा फोल्डर अजून मशीनवर तसाच आहे, हात लावलेला नाही. कधीही या, साधं आर्काइव्ह करून तुमच्यासमोर लिंक करून दाखवतो, पैसे नाहीत. रात्री साडेअकराला तुमचा फोन आला तेव्हा झोपेतून उठून "काय व्हयनं" एवढंच विचारलं, तर तुम्ही ठेवून दिला. त्यानंतर मी दोनदा लावला, उचलला नाही. थेट रिव्ह्यूच दिसला.

पटलं तर तो बदला, नाही पटलं तर राहू द्या. आणि पेन ड्राइव्हचं टोपण इथेच राहिलंय, गल्ल्यात ठेवलंय.